‘कठीण’ शब्द आणि ‘जुना’ शब्द : इंग्रजी शब्दार्थसूचींच्या इतिहासातील एक प्रकरण

इंग्रजीत ‘डेरिंग-डू’ असा एक शब्द आहे. अचाट धाडस, मर्दुमकी असा त्याचा अर्थ कोशांत सापडतो. शब्द कानी पडताच तो मध्ययुगीन वाटतो. चिलखते, भाले आणि गढ्या त्याच्या अवतीभवती दिसू लागतात. प्रत्यक्षात मध्ययुगात असा शब्द नव्हता. चॉसरच्या ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’ या काव्यात ट्रॉयलसचे गुणवर्णन येते. वीराला साजेल ते करण्यास धजावण्यात तो कोणापेक्षाही उणा नव्हता, अशा आशयाची रचना तेथे आहे. ‘धजणे’ आणि ‘करणे’ ही दोन साधी क्रियापदे शेजारीशेजारी आली आहेत, इतकेच. पंधराव्या शतकाच्या आरंभी जॉन लिडगेटने आपल्या ‘ट्रॉय बुक’मध्ये चॉसरची ही शब्दजोडी उचलली. सोळाव्या शतकात लिडगेटचा ग्रंथ छापला गेला तेव्हा मुद्रकाच्या हातून तिच्यातला एक स्वर बदलला. हा बदललेला पाठ पुढे एडमंड स्पेन्सरपर्यंत आला आणि त्याने दोन क्रियापदांच्या या जोडीला एकच नाम समजून ते आपल्या काव्यात वापरले. ‘द शेपर्ड्स कॅलेंडर’ (१५७९) या त्याच्या काव्याला ‘ई. के.’ एवढ्याच आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या टीकाकाराच्या टिपा जोडलेल्या आहेत. त्या टिपांत या नामाचा अर्थ पौरुष आणि क्षात्रवृत्ती असा नोंदवला गेला. पुढे सुमारे दोनशे चाळीस वर्षांनी वॉल्टर स्कॉटने ‘आयव्हॅनहो’ या कादंबरीत हा शब्द घेतला, त्याला तळटीप दिली, आणि एकोणिसाव्या शतकातील ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकांना मध्ययुगाचा एक अस्सल शब्द मिळाला.

या कथेकडे एक गंमत म्हणून पाहण्याची प्रथा आहे. शब्दांच्या नवलकथा सांगणाऱ्या पुस्तकांत ती हमखास येते. परंतु समीक्षेच्या दृष्टीने तिच्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. जुन्या शब्दाचा अर्थ म्हणजे काय? तो शब्द ज्या काळी बोलला जात होता त्या काळच्या लोकांना अभिप्रेत असलेला अर्थ, की नंतरच्या कोणीतरी कोणासाठी तरी लिहून ठेवलेला अर्थ? ‘डेरिंग-डू’च्या बाबतीत पहिला अर्थ अस्तित्वातच नाही; दुसरा मात्र निर्विवाद आहे. टीपकाराने अर्थ शोधला नाही, निर्माण केला. आणि त्या अर्थाच्या आधारे शब्दाला भूतकाळ मिळाला. इंग्रजीतील ‘जुन्या व दुर्बोध’ शब्दांचा इतिहास पाहताना अर्थ सांगणारा कोण आणि ऐकणारा कोण हे दोन प्रश्न शब्दाच्या व्युत्पत्तीइतकेच महत्त्वाचे ठरतात, असे मला वाटते. प्रस्तुत निबंधात सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतची काही प्रकरणे या दृष्टीने तपासली आहेत.

जुना शब्द ही कोटी इंग्रजीत स्वतंत्रपणे जन्माला आली नाही. तिच्या आधी ‘कठीण शब्द’ ही कोटी होती, आणि कठीण शब्द बहुतांशी नवे होते. सोळाव्या शतकात लॅटिन, ग्रीक व फ्रेंच ग्रंथांची भाषांतरे वाढली आणि त्यांच्याबरोबर परकी शब्दांचा मोठा लोंढा इंग्रजीत शिरला. अशा शब्दांना ‘इंकहॉर्न’ शब्द म्हणत; शाई ठेवण्याच्या शिंगातून, म्हणजे आपल्या भाषेत दौतीतून, निघालेले शब्द. टॉमस विल्सनने ‘द आर्ट ऑफ रेटरिक’ (१५५३) या ग्रंथात या हव्यासाची टर उडवण्यासाठी असल्या शब्दांनी ठासून भरलेले एक पत्र दिले. आज ते पत्र वाचताना वाचकाची अडचण होते ती वेगळ्याच कारणाने. विल्सनने हास्यास्पद म्हणून निवडलेल्या शब्दांपैकी ‘सेलिब्रेट’, ‘फर्टाइल’, ‘कपॅसिटी’, ‘डेक्स्टेरिटी’, ‘सुपिरिऑरिटी’ हे आज शाळकरी मुलेही वापरतात; ‘इंजेंट’, ‘अ‍ॅक्सर्साइटेड’, ‘अडेप्टेड’ हे त्यांचे तेव्हाचे सोबती मात्र कोणालाच कळत नाहीत. पत्रातील विनोद अर्धा विझला आहे आणि उरलेला अर्धा समजण्यासाठी टीप लागते. त्या काळी जे एकाच तागडीत तोलले गेले त्यांतले कोणते रुळतील आणि कोणते मागे पडतील, हे सांगण्याचे साधन विल्सनपाशी नव्हते. आणि शब्दांच्या घडणीतही तसे काही दिसत नाही.

या लोंढ्याला विरोध करणाऱ्यांनी काय केले हे पाहणेही उद्बोधक आहे. केंब्रिजचे ग्रीकचे प्राध्यापक सर जॉन चीक यांचा आग्रह असा की, आपली भाषा स्वच्छ व निर्भेळ ठेवावी आणि परकी उसनवारी टाळावी. मॅथ्यूच्या शुभवर्तमानाच्या आपल्या भाषांतरात त्यांनी ‘सेंच्युरियन’साठी ‘हंड्रेडर’, ‘रेझरेक्शन’साठी ‘गेनरायझिंग’, ‘प्रॉफेट’साठी ‘फोरसेयर’, ‘ल्युनॅटिक’साठी ‘मून्ड’ असे शब्द घडवले. राल्फ लीव्हरने तर १५७३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथाचे नावच ‘विटक्राफ्ट’ ठेवले आणि व्याख्येला ‘सेव्हॉट’, निष्कर्षाला ‘एंडसे’ म्हटले. मराठी वाचकाला येथे आपल्याकडील भाषाशुद्धीच्या वादाची आठवण होणे साहजिक आहे. परंतु तुलना फार ताणू नये. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, देशी मुळांतून घडवलेले हे शब्द आज इंग्रजी वाचकाला लॅटिन शब्दांपेक्षा कितीतरी अधिक विचित्र वाटतात. परकेपणा टाळण्यासाठी केलेल्या शब्दांनाच आज अर्थ द्यावा लागतो. तेव्हा शब्दाचे कूळ आणि त्याची सुबोधता यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही.

स्पेन्सरने तिसरा मार्ग घेतला. नवे उसने घ्यायचे नाही आणि नवे घडवायचेही नाही. चॉसरच्या वेळचे विस्मरणात गेलेले शब्द परत आणायचे. ई. के. च्या प्रस्तावनेत या मार्गाचे समर्थन आहे: हे शब्द आपलेच आहेत, ते टाकून देऊन फ्रेंच व इटालियन चिंध्यांनी भाषा सांधणाऱ्यांना स्वतःच्या घरातलेच परके वाटते, असा त्याचा एकूण सूर. गंमत अशी की, हे ‘आपले’ शब्द वाचकाला समजावेत म्हणून प्रत्येक गोपगीताच्या शेवटी टिपा जोडाव्या लागल्या. समकालीनांचे यावर एकमत नव्हते. सर फिलिप सिडनीला ही जुनाट ग्रामीण भाषा मान्य नव्हती, आणि बेन जॉन्सनने तर प्राचीनांच्या अनुकरणापायी स्पेन्सरची भाषा कोणतीच भाषा उरली नाही असा निर्वाळा दिला. जॉन्सनचे विधान फटकळ म्हणून पुष्कळदा बाजूला सारले जाते. पण त्यात एक नेमके निरीक्षण आहे, आणि पुढे अठराव्या शतकात त्याचा प्रत्यय येतो: निरनिराळ्या काळांतून वेचलेले शब्द एकत्र ठेवल्याने कोणत्याही एका काळाची भाषा तयार होत नाही.

स्वतंत्र एकभाषिक इंग्रजी कोशाचा आरंभ रॉबर्ट कॉड्री यांच्या ‘अ टेबल अल्फाबेटिकल’ (१६०४) पासून मानला जातो. कॉड्री पेशाने शिक्षक. धर्मोपदेशकाचे पद प्युरिटन मतांमुळे गमावलेला. त्याच्या कोशात सुमारे अडीच हजार शब्द आहेत आणि बहुतेकांपुढे एखाददुसऱ्या शब्दात अर्थ दिलेला आहे. पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज उरली आहे. ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. शब्द शोधायचा तर वर्णमाला पाठ हवी, ‘ए’ने सुरू होणारा शब्द आरंभी पाहावा आणि ‘व्ही’ने सुरू होणारा शेवटाकडे, असे कॉड्री प्रस्तावनेत वाचकाला बजावतो. कोश हाताळण्याची सवय तेव्हा गृहीत धरता येत नव्हती, हे यावरून कळते.

कोश कोणासाठी, हे मुखपृष्ठावरच सांगितले आहे: स्त्रिया, कुलीन घरांतील महिला आणि इतर अकुशल माणसे यांच्यासाठी. अर्पणपत्रिकाही हॅरिंग्टन घराण्यातील पाच बहिणींना आहे. धर्मग्रंथांत, प्रवचनांत किंवा इतरत्र जे कठीण शब्द या वाचकांच्या वाचनात वा कानांवर येतील ते त्यांना कळावेत, हा हेतू. येथे क्षणभर थांबले पाहिजे. व्याकरणशाळांत लॅटिन शिकलेल्या पुरुषाला हे शब्द कठीण नव्हते. त्याच्या दृष्टीने ते ओळखीच्या लॅटिन शब्दांना इंग्रजी प्रत्यय लावून केलेले होते. त्या शाळांची दारे स्त्रियांना बंद होती म्हणून स्त्रियांना ते कठीण होते. म्हणजे काठिण्य हा शब्दाचा गुणधर्म नव्हे. ते शिक्षणाच्या वाटणीचे चिन्ह आहे. ‘कठीण शब्द’ या नावात ही वाटणी लपते आणि दोष शब्दाकडे किंवा ‘अकुशल’ वाचकाकडे जातो. कॉड्रीच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की, ही दरी बुजवण्यासाठी त्याने स्वस्त, लहान, हातात मावेल असे साधन दिले. मात्र त्याच्या प्रस्तावनेत दौतीतल्या शब्दांविरुद्ध जी तक्रार आहे ती त्याने विल्सनच्या ‘रेटरिक’मधून जवळजवळ जशीच्या तशी घेतलेली आहे. ज्या शब्दांना नावे ठेवायची त्यांचीच यादी अर्थासह विकायची, हा विरोध त्याला जाणवलेला दिसत नाही.

जॉन बुलोकरच्या ‘ॲन इंग्लिश एक्स्पॉझिटर’ (१६१६) या कोशात एक लहानशी पण दूरगामी गोष्ट घडली. बुलोकरने काही शब्दांपुढे तारकाचिन्ह घातले आणि सांगितले की, हे जुने शब्द असून केवळ काही प्राचीन लेखकांनी वापरलेले आहेत व आता प्रचारातून गेले आहेत. येथे ‘जुना’ हा शब्द कोशातील एक शेरा बनला. चॉसरचे शब्द समजेनासे झाले होतेच. टॉमस स्पेटने १५९८ साली चॉसरच्या ग्रंथावलीला शब्दार्थांची यादी जोडली होती. पण ती यादी चॉसर वाचण्यासाठी होती. बुलोकरच्या तारकेमुळे शब्द त्या काव्यातून सुटा झाला आणि ‘जुना’ एवढीच त्याची ओळख उरली. कोणत्या शतकातला, कोणत्या प्रदेशातला, कोणाच्या तोंडचा, हे सारे तारका गिळून टाकते. दोनशे वर्षांच्या अंतराने वापरलेले दोन शब्द तिच्या खाली समकालीन होतात.

त्यानंतरच्या कोशांचा क्रम थोडक्यात सांगतो. हेन्री कॉकरमने १६२३ साली आपल्या पुस्तकाला ‘द इंग्लिश डिक्शनरी’ असे नाव दिले. त्याचा दुसरा भाग उलटा आहे. त्यात साधे शब्द आधी दिले असून त्यांच्यापुढे भारदस्त पर्याय आहेत. म्हणजे आकलनाचे साधन आता लेखनाचे साधन झाले. ज्याचे केस कधी कापले गेले नाहीत त्याला ‘अ‍ॅसर्सेकॉमिक’ म्हणावे, असे कॉकरम सांगतो. असे शब्द लॅटिन कोशांतून थेट इंग्रजी वेष घालून आणलेले होते आणि कोशाबाहेर ते कोणी वापरल्याचे क्वचितच आढळते. टॉमस ब्लाउंटचा ‘ग्लॉसोग्राफिया’ (१६५६) हा अधिक जबाबदार ग्रंथ. दोन वर्षांनी मिल्टनचा भाचा एडवर्ड फिलिप्स याने त्यातून भरपूर उचलेगिरी करून आपला कोश काढला आणि ब्लाउंटने १६७३ मध्ये एक पुस्तिका लिहून त्याचे वाभाडे काढले. फिलिप्सचा कोश जॉन कर्झीने १७०६ मध्ये वाढवला आणि १७०८ मध्ये त्याचा आटोपशीर अवतार ‘डिक्शनेरियम अँग्लो-ब्रिटानिकम’ या नावाने प्रसिद्ध केला. नेथन बेलीचा कोश १७२१ चा. कर्झी आणि बेली या दोघांच्याही कोशांत जुन्या शब्दांपुढे ‘ओ’ हे अक्षर आहे. बुलोकरच्या तारकेचेच हे नवे रूप. या ‘ओ’ने इंग्रजी काव्याच्या इतिहासात जे घडवले ते प्रकरण अधिक विस्ताराने पाहण्यासारखे आहे.

टॉमस चॅटर्टन १७५२ साली ब्रिस्टॉलमध्ये जन्मला. तो जन्मण्यापूर्वीच वडील वारले होते. सेंट मेरी रेडक्लिफ या चर्चच्या माडीवरील पेट्यांतून वडिलांनी आणलेली जुनी चर्मपत्रे घरात पडून होती. चॅटर्टन एका वकिलाच्या कचेरीत उमेदवार लेखनिक झाला, आणि किशोरवयातच त्याने पंधराव्या शतकातील टॉमस राउली नावाचा एक भिक्षू-कवी कल्पिला. राउलीचा आश्रयदाता म्हणून त्याने ब्रिस्टॉलच्या इतिहासातील खऱ्याखुऱ्या विल्यम कॅनिंजला घेतले. राउलीच्या नावावर त्याने कविता, नाटके, पत्रे, वंशावळी लिहिल्या आणि जुन्या पेटीत सापडल्या म्हणून लोकांना दिल्या. १७६९ मध्ये त्याने होरेस वॉल्पोलला काही मजकूर पाठवला. वॉल्पोल प्रथम भुलला, मग टॉमस ग्रे आणि विल्यम मेसन यांनी ही बनावट असल्याचे सांगितल्यावर त्याने हात आखडता घेतला. २४ ऑगस्ट १७७० रोजी लंडनमधील भाड्याच्या खोलीत चॅटर्टनचा विषाने मृत्यू झाला. तेव्हा त्याचे वय सतरा वर्षे नऊ महिने होते.

राउलीची भाषा कशी तयार झाली? याचे सविस्तर उत्तर वॉल्टर स्कीटने १८७१ च्या आपल्या आवृत्तीत दिले. चॅटर्टनने मुख्यतः कर्झीचा आणि काही अंशी बेलीचा कोश पुढे ठेवला, ‘ओ’ने चिन्हांकित केलेले शब्द वेचले, आणि त्यांची उलटी सूची केली. कर्झीत जुन्या शब्दापुढे चालू अर्थ होता, चॅटर्टनच्या सूचीत चालू शब्दापुढे जुना शब्द आला. कॉकरमच्या दुसऱ्या भागाची हीच पद्धत होती. त्याने साध्याचे भारदस्त केले, चॅटर्टनने आजचे कालचे केले. कविता आधी अठराव्या शतकाच्या इंग्रजीत मनात तयार व्हायची आणि मग तिच्यात जुने शब्द बसवले जायचे, असे स्कीटचे अनुमान आहे. त्याचा सर्वांत बोलका पुरावा एका मुद्रणदोषाचा आहे. मध्ययुगीन इंग्रजीत दिलासा या अर्थी ‘चेरिसॉन्स’ हा फ्रेंच वळणाचा शब्द ‘रोमॉन्ट ऑफ द रोज’च्या इंग्रजी भाषांतरात येतो. कर्झीच्या कोशात त्याची शेवटची दोन अक्षरे चुकून भलतीच पडली आणि शब्द ‘चेरिसॉनी’सारखा दिसू लागला. चॅटर्टनच्या ‘एला’ या नाटकाच्या प्रास्ताविकात तोच ‘चेरिसॉनी’ दिमाखाने उभा आहे. पंधराव्या शतकातल्या भिक्षूने १७०८ सालच्या कोशातील छपाईची चूक वापरली होती.

मृत्यूनंतर सात वर्षांनी, १७७७ मध्ये, टॉमस टर्विट याने राउलीच्या कविता प्रथम ग्रंथरूपाने काढल्या. टर्विट चॉसरचा संपादक. ‘कँटरबरी टेल्स’ची त्याची आवृत्ती १७७५ मध्ये निघाली होती. १७७८ च्या आवृत्तीला त्याने परिशिष्ट जोडून या सर्व कविता चॅटर्टनच्याच आहेत असे प्रतिपादले. मग वाद पेटला. एक्सेटरचे डीन आणि प्राचीन वस्तुसंशोधक मंडळाचे अध्यक्ष जेरेमाया मिल्स, आणि पुराणकथांचे अभ्यासक जेकब ब्रायंट राउलीच्या बाजूने उतरले; एडमंड मलोन आणि टॉमस वॉर्टन विरुद्ध बाजूने. ब्रायंटचा १७८१ चा युक्तिवाद मला या सगळ्या प्रकरणातील सर्वांत मोलाचा दस्तऐवज वाटतो, जरी त्याचा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. तो म्हणतो, कवितांना चॅटर्टनने स्वतः दिलेले शब्दार्थ पाहा. पुष्कळ ठिकाणी ते चुकीचे आहेत. शब्दाचा खरा अर्थ वेगळा आहे आणि तो त्या ओळीत अधिक चांगला बसतो. ज्याला आपल्याच कवितेतील शब्द कळत नाहीत तो त्या कवितेचा कर्ता कसा असेल? तेव्हा कर्ता कोणी प्राचीनच असला पाहिजे आणि चॅटर्टन हा केवळ अडाणी नक्कलकार.

हा युक्तिवाद हास्यास्पद म्हणून सोडून देता येत नाही. शब्दाला एक खरा अर्थ असतो, तो शब्दाच्या उगमाशी असतो, आणि जाणता भाष्यकार तो शोधून कवितेत परत बसवू शकतो, हा विश्वास ब्रायंटइतकाच आपल्यापैकी अनेकांचा असतो. ब्रायंटने त्या विश्वासाने व्युत्पत्ती लावल्या आणि त्याला सर्वत्र सखोल अर्थ सापडत गेले. बनावट कवितेतही उगमाचा अर्थ सापडतो. शोधणारा चिकाटीचा असला म्हणजे झाले. ‘चेरिसॉनी’च्या ओळीत चॅटर्टनला अभिप्रेत असलेला अर्थ कर्झीच्या रकान्यातला होता. त्या ओळीपुरता तोच खरा अर्थ. त्याच्या मागे मध्ययुग नाही, एक छापखाना आहे.

टर्विटने राउलीला पकडले ते मात्र शब्दांच्या उगमावर विसंबून नव्हे. त्याने तीन प्रकारच्या खुणा दाखवल्या: इतर कोणत्याही लेखकात न आढळणारे शब्द, आढळणारे, पण त्या अर्थाने कोणीही न वापरलेले शब्द, आणि तत्कालीन व्याकरणाशी विसंगत रूपे. पहिल्या दोन खुणांवर वाद घालता येतो. एखाद्या प्रदेशात तो शब्द असेल, एखादे हस्तलिखित हरवले असेल. तिसऱ्या खुणेवर उत्तर सापडत नाही. बहुवचनी प्रत्यय एकवचनी कर्त्याच्या क्रियापदाला लागलेला असेल, तर तो लिहिणाऱ्याला त्या भाषेत बोलता येत नव्हते एवढाच त्याचा अर्थ. चॅटर्टनला ‘एन’ हा प्रत्यय जुना दिसतो हे माहीत होते. तो कोठे लागतो हे माहीत नव्हते, कारण कर्झीच्या कोशात ते कोठेच लिहिलेले नव्हते. कोशातून शब्द मिळतात. वाक्य मिळत नाही. बेन जॉन्सनने स्पेन्सरबद्दल जे म्हटले होते त्याची सिद्धता येथे झाली, पण दुसऱ्याच कवीच्या बाबतीत.

या साऱ्यावर एक विलक्षण पुढचा अध्याय आहे. कीट्सने १८१८ मध्ये ‘एंडिमियन’ चॅटर्टनच्या स्मृतीला अर्पण केले. सप्टेंबर १८१९ मधील एका पत्रात, मिल्टनी वळणाच्या शब्दक्रमाला कंटाळून ‘हायपेरियन’ सोडून दिल्याचे सांगताना, त्याने चॅटर्टनला इंग्रजीतील सर्वांत शुद्ध लेखक ठरवले. चॉसरमध्ये दिसतात तसे फ्रेंच वाक्प्रचार त्याच्यात नाहीत असे कारणही दिले. कोशातून वेचलेल्या, आणि पुष्कळदा मुळात फ्रेंचच असलेल्या, शब्दांच्या कवीविषयीचे हे मत वाचून हसू येते. पण कीट्सचे लक्ष वाक्याच्या ठेवणीकडे होते, आणि तेथे तो बरोबर आहे. चॅटर्टनची वाक्ये खरोखरच आतून अठराव्या शतकातील सरळ इंग्रजी आहेत. टर्विटला जे बनावटीचे लक्षण दिसले तेच कीट्सला शुद्धतेचे लक्षण वाटले.

एकोणिसाव्या शतकात कोशाची कल्पनाच बदलली. रिचर्ड शेनेव्हिक्स ट्रेंच यांनी नोव्हेंबर १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे इंग्रजी कोशांच्या उणिवांवर दोन निबंध वाचले. कोशकाराने इतिहासकार असावे, रुचीचा परीक्षक नव्हे. शब्द भला असो वा बुरा, त्याचा जन्म, वापर आणि लोप अवतरणांनी दाखवावा, ही त्यांची मागणी होती. तिच्यातून पुढे ऑक्सफर्डचा महाकोश उभा राहिला. पहिला भाग १८८४ मध्ये आणि शेवटचा १९२८ मध्ये निघाला. संपादक जेम्स मरे यांनी लुप्त शब्दापुढे खंजिराचे चिन्ह ठेवले, पण त्याच्याखाली सनावार अवतरणे लावली. बुलोकरच्या तारकेने जे गिळले होते ते बरेचसे परत मिळाले.

तरीही जुनी अडचण मिटली नाही. ती नव्या स्वरूपात आली. वापर हाच पुरावा मानला, तर चुकीचा वापर हाही वापरच. स्कीटने १८८६ मध्ये फिलॉलॉजिकल सोसायटीच्या अध्यक्षीय भाषणात अशा शब्दांसाठी ‘घोस्ट-वर्ड’ ही संज्ञा सुचवली. त्यांना आपण भासशब्द म्हणू. प्रत्यक्षात कधीच नसलेले, मुद्रकांच्या, नकलकारांच्या किंवा संपादकांच्या चुकीतून उपजलेले हे शब्द. त्याने दिलेल्या उदाहरणांत स्कॉटच्या ‘द मॉनेस्टरी’ (१८२०) या कादंबरीतील एक शब्द आहे. हत्येचे विचार मनात ‘मॉर्स’ करण्यासंबंधीचे एक वाक्य तेथे छापलेले होते. वाचक बुचकळ्यात पडले आणि पंडितांनी व्युत्पत्ती लावल्या. कोणी बंदुकीच्या बत्तीशी संबंध जोडणारे फ्रेंच मूळ पुढे केले. स्कॉटचे हस्तलिखित पाहिल्यावर तेथे ‘नर्स’, म्हणजे मनात पोसणे, हा साधा शब्द निघाला. ब्रायंटच्या पद्धतीला शंभर वर्षांनीही अनुयायी होते, एवढेच यावरून म्हणता येते. पण स्कीटच्या नियमाने ‘डेरिंग-डू’चे काय करायचे? तोही चुकीतूनच उपजला. फरक इतकाच की ‘मॉर्स’ कोणी पुन्हा वापरला नाही, आणि ‘डेरिंग-डू’ स्पेन्सर व स्कॉट यांनी वापरला. भासशब्द आणि शब्द यांच्यातील सीमा भाषाशास्त्राने आखलेली नाही. ती साहित्याने आखली आहे. महाकोशाने चॅटर्टनची अवतरणेही घेतली, हे या दृष्टीने योग्यच झाले.

आतापर्यंत जे शब्द पाहिले त्यांचे जुनेपण डोळ्यांत भरणारे होते. साहित्याच्या अभ्यासकाला अधिक फसवतात ते न भरणारे. शेक्सपियरचा ‘लेट’ कित्येकदा ‘होऊ देणे’ नसून ‘अडवणे’ असतो. प्राचीन इंग्रजीतील दोन वेगळ्या क्रियापदांचे उच्चार एक झाल्याने हे घडले. दुसरा ‘लेट’ मेला असे आपण समजतो, पण धारकाला विनाअडथळा जाऊ द्यावे अशी विनंती करणाऱ्या भारतीय पासपोर्टवरील इंग्रजी मजकुरात तो अजून आहे. ‘सिली’ एकेकाळी धन्य, पुण्यवान होता. ‘नाइस’ अडाणी होता. ‘प्रेझेंटली’ म्हणजे ताबडतोब. सी. एस. लुईस यांनी ‘स्टडीज इन वर्ड्स’ (१९६०) मध्ये शब्दाच्या आजच्या प्रबळ अर्थाला ‘धोकादायक अर्थ’ म्हटले, कारण तो प्रत्येक जुन्या ओळीत मुकाट्याने शिरतो आणि ओळ थोडीफार चालतेही. अशा शब्दांना कोणी तारका लावत नाही. पदव्युत्तर वर्गासाठी तयार होणाऱ्या पुस्तकांतील ‘शब्दार्थ व टिपा’ पाहिल्या तर आपल्याकडेही हीच स्थिती दिसते. विचित्र दिसणारे सारे शब्द नोंदलेले, आणि ओळखीचे दिसणारे सारे सोडलेले. कॉड्रीच्या कोशाची ही परंपरा दुबळ्या वाचकाच्या मदतीसाठी सुरू झाली होती, पण वाचकाला मदत कोठे हवी हे ती शब्दाच्या चेहऱ्यावरून ठरवते.

अर्थात, ‘त्या काळचा अर्थ’ लावला की प्रश्न संपला असेही नाही. अँड्र्यू मार्व्हेलच्या ‘टु हिज कॉय मिस्ट्रेस’ या कवितेत प्रेमाला ‘व्हेजिटेबल’ हे विशेषण आहे. सतराव्या शतकात त्याचा अर्थ वाढण्याची शक्ती असलेले. आजच्या वाचकासमोर भाजी उभी राहते. रेने वेलेक आणि ऑस्टिन वॉरन यांनी ‘थिअरी ऑफ लिटरेचर’ (१९४९) मध्ये हे उदाहरण घेऊन विचारले की, नंतरची छटा खरोखर पुसून टाकता येते का, आणि टाकावी का. नवसमीक्षेच्या भरात या प्रश्नाचा उपयोग इतिहास झटकून टाकण्यासाठी झाला, हे मला मान्य नाही. पण ब्रायंटचे उदाहरण समोर असताना उलट टोकाला जाऊन उगमाचा अर्थ हाच अर्थ असे म्हणणेही अवघड आहे. शब्द कोणाच्या हातून कोणाकडे आला, मध्ये कोणी टीप लिहिली आणि ती कोणी खरी मानली, ही साखळी दाखवणे शक्य असते. आणि संपादकाकडून ती मागता येते.

चॅटर्टनच्या संपादकांपुढे हा प्रश्न अगदी व्यावहारिक रूपात आला. स्कीटने १८७१ च्या आवृत्तीत धीट निर्णय घेतला. चॅटर्टनने आधुनिक शब्द काढून त्या जागी जुने घातले असतील, तर ते काढून पुन्हा आधुनिक घालणे म्हणजे कवितेला तिच्या मूळ रूपाकडे नेणे, या विचाराने त्याने शक्य तेथे राउलीचे शब्द हटवले आणि चॅटर्टनने तळटिपांत दिलेले अर्थ ओळीत घेतले. कोठे वृत्त मोडले, कोठे यमक. तेथे त्याला तडजोड करावी लागली. १९७१ मध्ये डोनाल्ड टेलर यांनी ऑक्सफर्डसाठी चॅटर्टनचे समग्र साहित्य संपादित केले तेव्हा राउलीचे वर्णलेखन आणि शब्द जसेच्या तसे छापले. ‘चेरिसॉनी’ आपल्या जागी परतला, चुकीच्या दोन अक्षरांसह. त्याच्यापुढे आता दिलासा असा अर्थ लिहायचा, कर्झीचे नाव लिहायचे, की ‘रोमॉन्ट’मधील मूळ शब्द दाखवायचा? माझ्या मते तिन्ही लिहिले पाहिजे, आणि याच क्रमाने.